सामाईक वाटेवरील रीतभात

रस्त्यांचे ढोबळ मानानें तीन प्रकार करतां येतील. पहिला हमरस्ता. तेथें मोटारी धांवतात, पांढरे पट्टे ओढलेले असतात, तांबडे-हिरवे दिवे असतात आणि चुकणाऱ्याला थांबविण्यासाठीं पोलीसही असतो. दुसरी पाऊलवाट. तेथें केवळ पाय चालतात, म्हणून नियमांची फारशी गरजच पडत नाहीं. तिसरा प्रकार ह्या दोहोंच्या मधला. त्या वाटेवर चाकेंही येतात, पायही येतात आणि साखळीला बांधलेले किंवा मोकळे सोडलेले चार पायांचे प्राणीही येतात. बागेंतला रुंद रस्ता, कालव्याच्या कांठची वाट, टेकडीवरची चढण, हीं तिचीं उदाहरणें होत. तिला आपण सामाईक वाट म्हणूं. हमरस्त्यावर कायद्याचा अंमल असतो. सामाईक वाटेवर मात्र जें कांहीं चालतें तें बहुतांशीं रीतीवर चालतें, आणि ही रीत कोणी कोणाला मुद्दाम शिकवीत नाहीं. वर्गांत वडील मनुष्य आलें असतां उभें राहावें, हें आपण बालपणींच शिकतों. परंतु त्याच वडील मनुष्याच्या शेजारून सायकलवर कसें जावें, हें बहुधा शिकत नाहीं.

ह्या वाटेवर तिघांची गांठ पडली कीं पहिला प्रश्न उत्पन्न होतो तो हा कीं, वाट कोणी द्यावी? सायकलस्वाराला विचारा; तो म्हणेल, "मीं घंटी वाजविली होती." चालणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, "ही वाट फिरणाऱ्यांची आहे." कुत्र्याच्या धन्याला विचारा, तो म्हणेल, "आमचा मोती कांहीं करीत नाहीं हो!" तिघेही आपापल्या परीनें खरेंच बोलतात, आणि तरीही कोणाचा तरी गुडघा फुटतो. ह्या तिघांपैकीं अधिक भार कोणावर पडतो, आणि कां पडतो, एवढेंच येथें सांगण्याचा विचार आहे.

ह्या प्रश्नाचा उलगडा चांगल्या रीतीनें करून देणारें एक ठिकाण म्हणजे इंग्लंडांतील कालव्यांचे कांठ होत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें कोळसा, मातीचीं भांडीं, धान्य असा जड माल नेण्यासाठीं जागोजाग कालवे खणले गेले. बोटीला शीड नसे कीं यंत्र नसे. कांठावरून घोडा चाले आणि त्याला बांधलेल्या लांब दोरानें बोट पाण्यांतून ओढली जाई. एक घोडा आणि त्याला हांकणारा एक मनुष्य, एवढ्यांना पुरेल इतकीच वाट कांठानें राखलेली असे. जेथें कालव्यावर विटांचा कमानदार पूल येई, तेथें ती वाट कमानीखालून वांकून जाई आणि अधिकच अरुंद होई. अशा पुलांच्या कोपऱ्यांना बसविलेल्या लोखंडी पट्ट्यांवर, वर्षानुवर्षें दोर घासून पडलेले खोल चरे अजूनही पाहावयास मिळतात.

पुढें आगगाडी आली, मग मोटारी आल्या, आणि कालव्यांवरील मालाची वाहतूक आटत गेली. घोडे गेले, वाट मात्र राहिली. तिजवर प्रथम फिरावयास जाणारे आले, गळ टाकून बसणारे आले, आणि मागाहून सायकलस्वार आले. एके काळीं ह्या वाटेवर सायकल चालविण्यास परवान्याचा कागद जवळ बाळगावा लागे. २०१२ पासून इंग्लंड व वेल्स येथील सुमारें २००० मैलांचे कालवे व नद्या 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट' नांवाच्या संस्थेच्या ताब्यांत आहेत, आणि आतां परवाना लागत नाहीं. त्याच्या जागीं एक रीत आली आहे. तिचें सार असें कीं, वाट सर्वांची आहे, वेग कमी करा, आणि अग्रमान पायीं चालणाऱ्याचा समजा. हें सार ऐकावयास सोपें वाटतें. पण कमानीखालीं जाऊन उभें राहिलें म्हणजे त्याचा खरा अर्थ कळतो. पलीकडून कोण येत आहे हें तेथें दिसतच नाहीं. एका बाजूस ओली भिंत, दुसऱ्या बाजूस पाणी. अंग चोरावें म्हटलें तरी जागा नसते. अशा ठिकाणीं स्वारानें कमान येण्यापूर्वींच घंटी द्यावी, चालीच्या गतीवर यावें, आणि आंत कोणी असल्यास बाहेर थांबून त्यास येऊं द्यावें, हाच शहाणपणा ठरतो. शिवाय कालव्यांत नांगरलेल्या अरुंद बोटींतून कित्येक कुटुंबें राहतात. त्यांचें दार उघडलें कीं पाऊल थेट ह्याच वाटेवर पडतें. म्हणजे जी स्वाराला वाट वाटते तें दुसऱ्या कोणाचें अंगण असतें!

ह्या बाबतींत तेथील कायद्याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १८३५ सालच्या रस्त्यांविषयींच्या कायद्यानें हमरस्त्याच्या कडेच्या पदपथावर गाडी हांकण्यास मनाई केली. त्या वेळीं आजच्यासारखी सायकल अस्तित्वांतच नव्हती. १८८८ सालीं दुसऱ्या एका कायद्यानें सायकल ही 'गाडी' ठरविली, आणि पदपथ तिला बंद झाला. त्याच कलमांत स्वारावर असें बंधन घातलें होतें कीं, चालणाऱ्या मनुष्याला, गाडीला किंवा जनावराला मागून गांठून पुढें जाण्यापूर्वीं, योग्य अंतरावरूनच घंटी, शिटी वा अन्य उपायानें ऐकूं जाईल अशी पुरेशी सूचना त्यानें द्यावी. १९६८ सालच्या कायद्यानें घोडेस्वारांसाठीं राखलेल्या ग्रामीण वाटा सायकलींना मोकळ्या झाल्या. परंतु अट ही कीं, चालणाऱ्याला आणि घोड्यावरील स्वाराला सायकलवाल्यानें वाट द्यावी. शेवटीं, १९३१ पासून निघत असलेल्या 'हायवे कोड' ह्या पुस्तिकेंत २०२२ च्या जानेवारींत सुधारणा झाली, आणि ज्याच्या हातून अधिक इजा होऊं शकते त्याच्यावर जबाबदारी अधिक, हें तत्त्व तींत स्पष्ट शब्दांनीं नमूद झालें. मोटारवाल्यानें सायकलवाल्याला जपावें आणि सायकलवाल्यानें चालणाऱ्याला जपावें, अशी ही उतरंड आहे. हमरस्त्यावर ट्रक अंगावरून गेला म्हणजे सायकलस्वाराच्या छातींत जी धडधड होते, तीच धडधड सामाईक वाटेवर तो स्वतः दुसऱ्याला देत असतो. फक्त ह्या वेळीं ती त्याला ऐकूं येत नाहीं.

आतां विद्यार्थिमित्रहो, थोडें गणित करूं. चालणारा मनुष्य ताशीं ५ किलोमीटर चालतो असें धरा, म्हणजे सेकंदाला सुमारें १.४ मीटर. सायकलस्वार ताशीं २० किलोमीटर गतीनें येत आहे, म्हणजे सेकंदाला सुमारें ५.६ मीटर. दोघेही एकाच दिशेनें जात असल्यामुळें त्यांच्यांतील अंतर सेकंदाला ४.२ मीटरांनीं कमी होतें. स्वारानें १० मीटरांवरून घंटी वाजविली, तर चालणाऱ्याच्या पदरीं पुरते अडीच सेकंदही पडत नाहींत. तेवढ्यांत त्यानें आवाज ऐकावयाचा, तो कोणत्या बाजूनें आला हें ओळखावयाचें, मान वळवावयाची, आणि डावीकडे सरावें कीं उजवीकडे हें ठरवावयाचें. तरुणाला हें साधेल. मान आंखडलेल्या आजोबांना साधणार नाहीं; ते गोंधळून नेमके चाकापुढें येतील, आणि मग "एवढी घंटी वाजविली तरी मध्यें आले" असा उलटा दोष त्यांनाच लागेल. तीच घंटी २५ मीटरांवरून दिली तर सहा सेकंद मिळतात. आणि स्वारानें वेगच ताशीं १० किलोमीटरांवर आणला, तर १० मीटरांचें अंतर तुटण्यासही सात सेकंद लागतात.

ह्यासाठीं स्वाराचा वेळ किती जातो? १०० मीटरांची वाट ताशीं २० च्या गतीनें १८ सेकंदांत संपते आणि ताशीं १० च्या गतीनें ३६ सेकंदांत. म्हणजे तोटा १८ सेकंदांचा. ह्याशिवाय पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेली एक गोष्ट येथें लक्षांत आणावी: वेग दुप्पट झाला कीं धडकेंतील गतिजन्य शक्ति दुप्पट होत नाहीं, चौपट होते.

घंटीविषयीं आणखी थोडें लिहिणें अवश्य आहे. घंटी ही सूचना आहे, हुकूम नव्हे. "मी येत आहें" एवढेंच तिनें सांगावें. "बाजूला व्हा" असें सांगण्याचा तिला अधिकार नाहीं. एकदां, फार तर दोनदां, आणि लांबून वाजविलेली घंटी सौजन्याची असते. पाठीशीं येऊन एकसारखी खणखणविलेली घंटी ही सरळ दमदाटी होय. रबरी भोंगा तर ह्या वाटेवर नसावाच, असें माझें मत आहे. घंटीहूनही उत्तम साधन म्हणजे मनुष्याचा आवाज. "आजोबा, उजवीकडून जातों हं", "काकू, सावकाश, मी मागें आहें", असें म्हणण्यास कितीसा श्वास खर्च होतो? त्यांत बाजूही कळते, आणि मागून येणारा मनुष्य आहे, यंत्र नव्हे, हेंही कळतें. पुढें गेल्यावर मागें न पाहतां हात किंचित् वर केला तरी आभार पोंचतात.

परंतु घंटी ऐकूं येईल हें गृहीत तरी कां धरावें? ज्याला ऐकूं येत नाहीं त्याच्या पाठीवर तशी पाटी लावलेली नसते. इंग्लंडांत अंध मनुष्य पांढरी कांठी बाळगतो, आणि त्या पांढऱ्या कांठीवर तांबडे पट्टे असले तर तो मनुष्य अंध असून बधिरही आहे असें समजतात. त्याच्यामागें घंटी वाजवून काय उपयोग? तेथें उतरून, सायकल हातीं धरून, पुरेशा अंतरानें जाणें हाच मार्ग. तेथील कांहीं सामाईक वाटांचे पट्टा आंखून दोन भाग केलेले असतात. आरंभींच्या फरशांवर सायकलींच्या बाजूस उभ्या आणि चालणाऱ्यांच्या बाजूस आडव्या उंचवट्यांच्या ओळी बसविलेल्या असतात, म्हणजे अंध मनुष्याला पायाच्या तळव्यानें आपली बाजू ओळखतां येते.

लहान मुलांची गोष्ट निराळी. त्यांना ऐकूंही येतें, दिसतेंही. पण ऐकल्यावर तीं काय करतील हें त्यांचें त्यांनाही ठाऊक नसतें. पालकांना येथें एक विनंति आहे. आपण वाटेच्या एका कडेस आणि मूल दुसऱ्या कडेस असतांना सायकल येतांना दिसली, तर "बाळ, इकडे ये!" अशी हांक मारूं नये. तें आज्ञाधारक मूल तत्काळ वाट ओलांडून आपणांकडे धांवेल, म्हणजे ज्या संकटांतून त्याला वांचवावयाचें त्याच संकटांत पडेल. "तेथेंच उभा राहा" असें म्हणावें, किंवा आपणच त्याच्याकडे जावें.

एवढ्यावरून चालणाऱ्याचें कर्तव्य कांहींच नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. चार मैत्रिणी हातांत हात घालून वाटेची सारी रुंदी व्यापून चालल्या, तर मागच्याला वाट कोठून मिळणार? दोघींनीं पुढें व दोघींनीं मागें व्हावें. गप्पा तेवढ्या वेळांत संपत नाहींत. दोन्ही कानांत इअरफोन घालून चालणारा मनुष्य स्वतःहून बधिर होऊन बसतो. त्यानें निदान एक कान तरी जगासाठीं मोकळा ठेवावा. घंटी ऐकली म्हणजे दचकून उडी मारूं नये. आपली रेघ धरून सरळ चालत राहावें, कारण स्वारानें आपल्या बाजूनें जाण्याचा जो अंदाज बांधलेला असतो तो त्या रेघेवरच बांधलेला असतो. थांबावयाचें किंवा वळावयाचें झाल्यास आधीं मागें पाहावें. आणि अंधारांत काळे कपडे घालून दिव्याविना वाट चालणाराला स्वाराचा दिवासुद्धां फार उशिरां शोधून काढतो.

आतां राहिला तिसरा मानकरी. बिचाऱ्या कुत्र्यानें कोणतीही पुस्तिका वाचलेली नसते. जें वेगानें पळतें त्याचा पाठलाग करावा, हें त्याच्या रक्तांतच आहे. सायकलचें चाक आणि पळणारा ससा ह्यांत त्याला फारसा भेद दिसत नाहीं. म्हणून कुत्र्याच्या वतीनें रीत पाळण्याचें काम सर्वस्वीं धन्याचें आहे. वर उल्लेखिलेल्या इंग्रजी पुस्तिकेंत, सायकलवाल्यांच्या वा घोडेस्वारांच्या सामाईक वाटेवर कुत्रा आंखूड दोरीवर ठेवावा, असें सांगितलें आहे. 'आंखूड' ह्या शब्दावर जोर द्यावयास हवा. हल्लीं मुठींतल्या डबींतून हवी तेवढी लांब सुटणारी बारीक दोरी मिळते. कुत्रा एका कडेच्या झुडपांत, धनी दुसऱ्या कडेस, आणि मध्यें गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणलेली ती दोरी! संध्याकाळच्या उजेडांत स्वाराला ती दिसत नाहीं. दिसते तेव्हां तो जमिनीवर असतो, आणि कुत्र्याच्या मानेलाही जबर हिसका बसलेला असतो. ह्यास्तव कोणी येतांना दिसलें कीं दोरी आंखडून, कुत्र्याला वाटेच्या बाहेरील अंगास घ्यावें आणि आपण मध्यें व्हावें.

"कांहीं करीत नाहीं हो" ह्या वाक्याचा धन्यांनीं जरा विचार करावा. तो कांहीं करीत नाहीं हें धन्याला ठाऊक आहे. समोरच्याला ठाऊक नाहीं. आपल्या देशांत कुत्र्याची भीति ही निव्वळ भ्याडपणाची खूण नव्हे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानें होणारा रोग एकदां प्रकट झाला कीं त्यांतून मनुष्य जवळजवळ कधींच वांचत नाहीं, आणि आपल्याकडे तो रोग अजून नाहींसा झालेला नाहीं. ज्याच्या घरीं असा प्रसंग घडला असेल त्याला शेपूट हालविणारा कुत्राही यमदूत वाटला तर नवल नाहीं. (दंश झालाच तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी, हळद-चुना लावीत बसूं नये.) कायदाही ह्या बाबतींत अगदींच मुका नाहीं. आपल्या ताब्यांतील जनावरापासून मनुष्याच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत होण्याचा संभव असतां जो पुरेसा बंदोबस्त करीत नाहीं, त्याला शिक्षा सांगणारें कलम १८६० च्या दंडसंहितेंत होतें. २०२४ च्या जुलैपासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तेंच २९१ वें कलम म्हणून आलें आहे; शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुत्र्याची घाण उचलून नेण्याविषयीं फार लिहीत नाहीं. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मनुष्याचे हात ज्या चाकाला लागतात तेंच चाक त्या घाणींतून जातें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

आपल्याकडे ह्या त्रिकुटांत एक चौथा असतो, तो म्हणजे बेवारशी कुत्रा. त्याच्याकडून रीत पाळवून घेणारा धनीच नाहीं. तो मागें लागला असतां जोरानें पळूं नये. पळण्यानें त्याचा उत्साह वाढतो. वेग कमी करून उतरावें, सायकल आपल्या व त्याच्या मध्यें ठेवावी, आणि लाथ न मारतां हळूहळू चालूं लागावें. पाठलाग करण्याजोगें कांहीं उरलें नाहीं असें दिसलें म्हणजे बहुधा तो भुंकून परत फिरतो.

पुणें शहर एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. पुढें स्वयंचलित दुचाक्यांनीं ती कीर्ति हिरावून घेतली. अलीकडच्या काळांत तेथील कांहीं रस्त्यांच्या कडेनें सायकलींसाठीं निराळे पट्टे बांधण्यांत आले. परंतु ते मध्येंच तुटतात, कोठें त्यांवर वाहनें उभीं असतात, आणि पदपथ नीट नसल्यामुळें चालणारेही त्यांवरूनच जातात. तेथें चालणाऱ्यावर रागावणें व्यर्थ आहे. त्याला दुसरी जागाच दिलेली नाहीं. ह्याहून खरी सामाईक वाट पाहावयाची असेल तर वेताळ टेकडीवर सकाळीं जावें. तेथें फिरावयास येणारे वृद्ध, धांवणारे तरुण, कुत्रीं घेऊन आलेलीं कुटुंबें आणि जाड टायरांच्या सायकली दामटणारे विद्यार्थी, सारेच एका वाटेवर असतात. उतारावरून सायकलनें येणाऱ्यानें चढणाऱ्याला वाट द्यावी, ही डोंगरांतल्या सायकलवाल्यांची रीत येथेंही उपयोगी आहे. सुट्या मुरुमावर करकचून दाबलेला ब्रेक सायकल थांबवीत नाहीं, घसरवितो. म्हणून वेग उताराच्या माथ्यावरच आवरावा लागतो.

ह्या सर्व प्रपंचांत अपघातांची संख्या कदाचित् फार नसेल. पण हानि केवळ अपघातानेंच मोजतां येत नाहीं. सत्तरीच्या आजी रोज सकाळीं टेकडीवर येत असतात. एके दिवशीं कोणी सायकलवाला त्यांच्या पदराला वारा लावून निघून जातो. दुसऱ्या दिवशीं एक मोकळा कुत्रा अंगावर पाय टाकतो. त्यांना लागत कांहींच नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्या येत नाहींत, आणि पुढेंही येत नाहींत. घरच्यांना वाटतें, वयोमानानें फिरणें सुटलें. ह्याची नोंद कोणत्याही चौकींत होत नाहीं, आणि वाटेवरील तरुणांना तर त्या कधीं येत होत्या हेंही आठवत नाहीं.

आतां समजा कीं त्या आजी पुन्हां आल्या आहेत. वाट हातभर रुंद, एका अंगास खडक व दुसऱ्या अंगास उतार. वरून सायकलवर एक विद्यार्थी येत आहे, खालून एक गृहस्थ कुत्रा घेऊन चढत आहेत, आणि आजी मधोमध आहेत. प्रथम विद्यार्थ्यानें थांबावें आणि पाय जमिनीला टेंकावा. तो टेंकलेला पाय दिसेपर्यंत आजींच्या जिवांत जीव येत नाहीं. गृहस्थांनीं वाट जेथें जरा रुंद असेल तेथें कुत्र्याला खडकाच्या अंगास घेऊन खालीं बसवावें. आजी आपल्या चालीनें पुढें जातील; त्यांना घाई करूं नये. नंतर विद्यार्थ्यानें सायकल हातीं धरून कुत्र्याच्या बाजूनें उतरावें, आणि दहा पावलें खालीं गेल्यावर मग पुन्हां सायकलवर बसावें. तोंपर्यंत कुत्र्यानें उठूं नये, हें गृहस्थांनीं पाहावें. ह्या साऱ्याला अर्धें मिनिट लागतें.